जागतिक प्रदर्शन: तारीख आधी, तिकीट नंतर

मोठं जागतिक प्रदर्शन, म्हणजे देशोदेशींची दालनं असलेला 'वर्ल्ड एक्स्पो', दर पाच वर्षांनी भरतं आणि फार तर सहा महिने चालतं. शेवटचा महिना टाळाच. 'राहून गेलं' म्हणणारे सगळे तेव्हाच येतात. अगदी पहिल्या आठवड्यात मात्र काही दालनांचं काम अपुरं असू शकतं. मधल्या काळातला, आठवड्यातला कामाचा दिवस बरा.

नुसत्या प्रवेशतिकिटावर भागेलच असं नाही. जपानमधल्या ओसाकाला २०२५ मध्ये अनेक दालनांसाठी वेगळं आरक्षण होतं, तेही सोडतीनं, दोन महिने आणि मग सात दिवस आधी. ते न करता गेलेल्यांच्या नशिबी रांगच. आरक्षण नसेल तर गर्दीचं दालन उघडताक्षणी किंवा संध्याकाळी उशिरा गाठावं.

यजमान देशाचं दालन भव्य असतंच. पण माझ्या मते खरी मजा छोट्या देशांच्या सामायिक दालनात. रांग तोकडी, आणि माणसं निवांत बोलतात. दालनादालनात मिळणारे शिक्के जमवण्याची वही घेणार असाल तर पहिल्याच दालनाआधी घ्या, सुटलेल्या शिक्क्यासाठी पुन्हा रांग लावावी लागते. नवे बूट नकोत. फोनवर तिकीट असेल तर पॉवर बँक हवीच.