हरभऱ्यानंतर शाळू बारीक का दिसला

एप्रिलमध्ये आमच्या गोडोलीच्या घरी वर्षाचं धान्य भरायचं काम निघतं, गच्चीत अजिंक्यताऱ्याकडं तोंड करून बसायचं आणि निवडत राहायचं. यंदा आईनं आधी हरभरा घेतला, तासभर मान वर केली नाही, मग शाळूचं पोतं फोडलं आणि पहिल्याच ओंजळीला म्हणाली, "अगं हा बारीक दिलाय, दाखवला टपोरा आणि भरला दुसराच." मलाही तसाच दिसला. व्यापाऱ्याला फोन लावणारच होते, पण रात्र झाली. सकाळी नमुन्याची पुडी शेजारी ठेवून बघितलं तर दाणा तोच!

तेव्हा मला कॉलेजातली सायकॉलॉजी आठवली. १९६९ साली ब्लेकमोर आणि सटन यांनी पट्ट्यांवर हेच दाखवलं होतं, जाड पट्ट्या बराच वेळ बघितल्या की मध्यम पट्ट्या बारीक वाटतात, बारीक बघितल्या की त्याच जाड वाटतात. मेंदूच्या दृष्टीच्या भागात काही पेशी जाड पोताला जास्त दाद देतात, काही बारीक पोताला, आणि आपल्याला दिसतो तो त्यांचा एकत्र कौल. तासभर हरभरा बघितला की जाडवाल्या मंदावतात, मग शाळू समोर आला की पारडं बारीककडं झुकतं. एका डोळ्यानं बघून दुसऱ्यानं तपासलं तरी थोडा परिणाम उतरतो, म्हणजे ही नुसत्या डोळ्याची गोष्ट नाही.

मग आईला करूनच दाखवलं. डावीकडं हरभऱ्याची परात, उजवीकडं बाजरीची, मधे लाल बटण, नजर बटणाच्या आसपासच ठेवायची, दोनेक मिनिटं. मग डोळे मिटायला सांगून भाच्यानं दोन्ही जागी शाळूच्या पराती सरकवल्या, एकाच पोत्यातल्या. आईनं डोळे उघडले आणि लगेच म्हणाली, "डावीकडचा बारीक आहे." बघता बघता दोन्ही सारखे झाले, तर परत करायला लावलं तिनं, तीनदा! मला यातलं हेच फार आवडतं, की शेजारी शेजारी एकच धान्य असून डोळ्यांदेखत दोन प्रकारचं दिसतं, आणि माहीत असलं तरी दिसायचं थांबत नाही.

तो व्यापारी किती वर्षं आम्हाला धान्य देतोय, एका फोननं त्याच्यावर आळ आला असता, याचं आईला फार लागलं. आता ती शाळू आधी निवडते, हरभरा सगळ्यात शेवटी.