फिल्टरचा रेट विचारता, डीपी पण विचारा

एएचयूच्या, म्हणजे इमारतीत हवा गाळून फिरवणाऱ्या एअर हँडलिंग युनिटच्या फिल्टरची चौकशी आली की पहिला प्रश्न ठरलेला, "सर, बेस्ट रेट किती?" मग मायक्रॉन किती, म्हणजे किती बारीक कण अडणार, आणि डिलिव्हरी कधी. डीपी किती येईल हे मात्र क्वचितच कोणी विचारतं आणि खरा पैसा तर तिथेच जातो. मी फिल्टर डिझाइनचंच काम करतो, त्यामुळे हे बघून जीव तुटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

डीपी म्हणजे फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या हवेच्या दाबातला फरक. हिशोब सोपा आहे. 24 बाय 24 इंचाचा फिल्टर, त्यातून तासाला 3400 घनमीटर हवा. समजा एका फिल्टरचा सरासरी डीपी दुसऱ्यापेक्षा 100 पास्कलने जास्त आहे, आपल्या गेजवर पाण्याचे साधारण 10 एमएम. फॅन, बेल्ट, मोटर सगळं मिळून एफिशियन्सी 50 टक्के धरली तर तेवढ्यासाठी जवळपास 190 वॅट जादा लागतात, आणि फार्मा प्लँटमध्ये एएचयू रात्रंदिवस चालू, म्हणजे वर्षाला साडेसोळाशे युनिटच्या आसपास, 8 रुपये युनिट धरलं तर 13 हजार रुपये. हे एका फिल्टरचे झाले, आणि मोठ्या एएचयूत असे आठ-दहा शेजारी शेजारी लावलेले असतात. कोटेशनमध्ये हजार-दीड हजार कमी करून घेतल्याचा आनंद किती टिकणार सांगा.

आता डीपी कमी कसा करायचा. फिल्टरच्या तोंडाशी हवा सेकंदाला अडीच मीटरच्या वर वेगाने येते. तोच वेग मीडियाच्या, म्हणजे हवा गाळणाऱ्या कापड-कागदाच्या आत ठेवला तर कुठलाही चांगला मीडिया टिकणार नाही, म्हणून मीडियाला घड्या घालायच्या आणि त्याच चौकटीत जास्तीत जास्त क्षेत्रफळ बसवायचं. व्ही-बँक फिल्टरमध्ये, म्हणजे घड्यांचे पॅनल व्हीच्या आकारात बसवलेल्या फिल्टरमध्ये, 18 चौरस मीटर मीडिया बसतो आणि मग मीडियातून जाताना हवेचा वेग सेकंदाला फक्त 5 सेंटीमीटर उरतो. वेग कमी तेवढा मीडियाचा डीपी कमी, अगदी सरळ प्रमाणात. शिवाय एकदम बारीक कण सावकाश जाताना इकडेतिकडे हलत हलत फायबरला चिकटतात, म्हणजे तेही जास्त अडकतात, आणि धूळ मोठ्या जागेवर पसरल्यामुळे फिल्टर चोक व्हायलाही वेळ लागतो.

मग घड्या वाढवतच जायच्या का? इथेच खरी मजा आहे. घड्या जास्त झाल्या की दोन घड्यांमधली फट इतकी अरुंद होते की हवेला मीडियापर्यंत पोचतानाच जोर लागतो. घड्यांची संख्या आणि डीपी यांचा ग्राफ काढला तर तो आधी खाली येतो, एका जागी तळ गाठतो आणि परत वर चढतो. 1995 मध्ये चेन, पुई आणि लिउ यांनी कॉम्प्युटर मॉडेलवर हे व्यवस्थित मांडलं, आणि आजही डिझाइन करणारा माणूस तो तळच शोधत असतो. मीडिया बदलला, जाडी बदलली, घडीची उंची बदलली की तळाची जागा पण सरकते.

टेस्ट रिगवर, म्हणजे फिल्टर तपासायच्या सेटअपवर, मी एक गोष्ट हमखास करतो. पाच-सहा वेगवेगळ्या फ्लोला, म्हणजे हवेच्या प्रवाहाला, डीपी घ्यायचा, प्रत्येक डीपीला फ्लोने भागायचं आणि ते आकडे फ्लोसमोर मांडायचे. बऱ्यापैकी सरळ रेघ येते. रेघ डावीकडे जिथे उभ्या अक्षाला कापते तो वेगाच्या सरळ प्रमाणातला भाग, मुख्यतः मीडियाचा, आणि रेघेचा चढ म्हणजे फ्रेमचा, हवा आत शिरताना आकसते आणि बाहेर पडताना एकदम फाकते त्याचा, हा वेगाच्या वर्गाने वाढतो. चढ जास्त असेल तर महागडा मीडिया आणून काही उपयोग नाही, फ्रेमच्या पुढच्या पट्टीची कड गोल करा, व्हीचा कोन बघा, पट्टी बारीक करा.

बॅग फिल्टरचंही, म्हणजे कापडी पिशव्यांच्या फिल्टरचंही तेच. वापरलेला बॅग फिल्टर कापून बघा एकदा. पिशव्या सरळ चौकोनी शिवलेल्या असतील तर हवेने फुगून एकमेकींना चिकटतात, आणि कापल्यावर दिसतं की बाकी कापड काळंकुट्ट आणि जिथे टेकल्या होत्या तिथे हे मोठे पांढरे डाग, म्हणजे त्या कापडाचे पैसे दिले पण त्यातून हवा गेलीच नाही. निमुळत्या शिवलेल्या पिशव्या फुगल्या तरी मध्ये फट राहते. आणि बसवताना पिशव्या उभ्याच ठेवा, आडव्या ठेवल्या तर फॅन बंद झाला की एकमेकींवर पडतात.

अजून एक, मीडिया सिंथेटिक आणि कण ओढून घ्यायला स्थिर विजेचा चार्ज दिलेला असेल तर सुरुवातीला डीपी कमी आणि एफिशियन्सी झकास दिसते, पण चार्ज उतरला की एफिशियन्सी घसरते. म्हणूनच 2016 च्या आयएसओ 16890 या फिल्टर टेस्टिंगच्या स्टँडर्डमध्ये आयपीएच्या (आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या) वाफेने चार्ज काढून पण टेस्ट करावी लागते. तो रिपोर्ट मागा, बिनधास्त मागा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे फिल्टर विकणारे बरेच जण सांगत नाहीत. कमी डीपीचा फिल्टर बसवला म्हणजे वीजबिल आपोआप कमी होत नाही! फॅन एकाच स्पीडने फिरत असेल तर अडथळा कमी झाल्यावर तो जास्त हवा ढकलतो, आणि फॉरवर्ड कर्व्ह ब्लोअर (पाती फिरण्याच्या दिशेने वळलेला फॅन) असेल तर मोटर आधीपेक्षा जास्त करंट खेचते. बचत हवी तर स्पीड खाली आणायला हवा, व्हीएफडीने, म्हणजे मोटरचा स्पीड कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हने, नाहीतर पुली बदलून. हवा 10 टक्के जास्त यायला लागली असेल आणि तेवढा स्पीड उतरवला तर त्या वाढलेल्या हवेच्या वेळच्या मानाने पॉवर 27 टक्क्यांच्या आसपास पडते, कारण पॉवर स्पीडच्या घनाने बदलते. फार्मामध्ये यासाठी चेंज कंट्रोल, म्हणजे बदलाची लेखी मंजुरी, काढावा लागतो, क्यूएची (क्वालिटी विभागाची) सही लागते, त्यामुळे मेंटेनन्सवाले हात लावायला कचरतात आणि ते समजू शकतो मी. पण एअर चेंजेस, म्हणजे खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते ते, ठरलेल्या वेळी परत मोजायचेच असतात, फिल्टर बदल आणि स्पीड सेटिंग त्याच्या आधी करून घ्या, म्हणजे व्हॅलिडेशन (सगळं ठरल्याप्रमाणे चालतंय याची तपासणी) दोनदा करावं लागणार नाही.