पाच इंची पडदा आणि माझे अडकलेले नऊ पीस

गेल्या दिवाळीआधी मी व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकलं, ‘नव्या प्रोसेसरचे लॅपटॉप पुढच्या महिन्यात येत आहेत!’ म्हटलं, फुकटात जाहिरात होईल. झालं भलतंच. दुकानात आलेलं गिऱ्हाईक समोरच्या मॉडेलवरून हात फिरवायचं आणि म्हणायचं, “मग थांबतो की महिनाभर.” नऊ पीस अंगावर पडले. पुण्यात आयटीत असलेला भाचा फोनवर खो खो हसला. “मामा, याला ऑस्बोर्न इफेक्ट म्हणतात.”

माझ्या मूर्खपणाला एवढं भारदस्त नाव? मग लागलो ज्याच्या कंपनीवरून हे नाव पडलं, त्या ॲडम ऑस्बोर्नच्या मागे.

माणूस इंग्रज, जन्म १९३९ चा, बँकॉकचा, पण लहानपण तमिळनाडूत, तिरुवण्णामलैत गेलेलं. वडील रमण महर्षींचे भक्त. महायुद्धात जपान्यांनी त्यांना थायलंडमध्ये डांबलं, तेव्हा आई पोरांना घेऊन महर्षींच्या आश्रमाजवळ राहत होती. तिथल्या अरुणाचल डोंगराच्या पायथ्याशी वाढलेला हा मुलगा पुढे केमिकल इंजिनिअर झाला, अमेरिकेत मायक्रोप्रोसेसरवर पुस्तकं लिहू लागला, प्रकाशन काढलं आणि १९७९ मध्ये ते मॅकग्रॉ-हिलला विकलं.

१९८१ मध्ये आला त्याच्या कंपनीचा, उचलून नेता येणारा कॉम्प्युटर ‘ऑस्बोर्न १’. डिझाइन ली फेल्सेनस्टाइन या इंजिनिअरचं. शिलाई मशीनच्या पेटीसारखा दिसणारा, मूठ धरून उचलायचा, वजन ११ किलो. बॅटरी नाहीच, वायर लावल्याशिवाय चालायचा नाही. पडदा पाच इंची, म्हणजे माझ्या खिशातल्या मोबाइलपेक्षा लहान. एका ओळीत ५२ अक्षरं मावायची. ओळ लांब असेल तर पडदा आडवा सरकवत वाचायचं. दोन फ्लॉपी ड्राइव्ह, त्यांच्याखाली फ्लॉप्या ठेवायला खण.

पण दुकानदार म्हणून माझी नजर दुसरीकडेच गेली. किंमत १७९५ डॉलर, आणि त्यात मशीन चालवणारं सीपी/एम, टायपिंगसाठी वर्डस्टार, हिशेबाला सुपरकॅल्क, प्रोग्रॅम लिहायला बेसिक सगळं आलं. ही सॉफ्टवेअर सुटी घेतली असती तर जवळपास मशीनइतकाच खर्च झाला असता. घरी नेलं, वायर लावली, पत्र टाइप करायला बसलं! त्या काळी मशीन एकीकडून, सॉफ्टवेअर दुसरीकडून आणायचे दिवस. महिन्याला १०,००० मशीन जायला लागली, ती काही त्या चिमुकल्या पडद्यासाठी नव्हे.

१९८३ मध्ये ऑस्बोर्नच्या कंपनीने पुढच्या ‘एक्झिक्युटिव्ह’ मॉडेलचा गाजावाजा आधीच केला, डीलरांनी जुन्या मालाच्या ऑर्डरी थांबवल्या आणि सप्टेंबरात कंपनीचं दिवाळं निघालं. हीच ती गोष्ट. पण सगळं खापर त्या घोषणेवर फोडणं मला पटत नाही. शेजारी कायप्रो हा दुसऱ्या कंपनीचा कॉम्प्युटर त्याच किमतीत नऊ इंची पडदा देत होता. दोन मशीन शेजारी-शेजारी मांडली की गिऱ्हाईक काय करतं, ते मी रोज बघतो.

नंतर ऑस्बोर्नने स्वस्त सॉफ्टवेअर विकायची कंपनी काढली. तिच्यावर लोटस या सॉफ्टवेअर कंपनीने खटला भरला, १९९० मध्ये निकाल विरोधात गेला. मग तब्येत खालावली. शेवटी तो भारतात, कोडाईकनालला बहिणीकडे आला आणि २००३ मध्ये तिथेच गेला, वयाच्या ६४ व्या वर्षी.

त्याचं वाचून मी त्या नऊ लॅपटॉपमध्ये मराठी कीबोर्ड, लिबरऑफिस, प्रिंटरचं सेटिंग, सगळं आधीच घालून ठेवलं. किंमत तीच. ‘घरी न्या आणि चालू करा.’ सात गेले. दोन अजून शोकेसमध्ये आहेत.

स्टेटसला हल्ली फक्त सुप्रभात टाकतो.