गप, बुक्का

रविवार, रात्री सव्वादहा

आज मी बुक्कावर, आमच्या कुत्रीवर, ओरडले. नुसती ओरडले असते तरी चाललं असतं, पट्ट्याला हिसकाही दिला. नंतर दिवसभर कामं केली, कपाट आवरलं, दादाच्या मेसेजला उत्तर द्यायचं टाळलं. पण हात जरा रिकामा झाला की तो हिसका मनगटात परत जाणवतो.

झालं ते एवढंसंच. सकाळी सहा-सव्वासहा, कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावरचा नेहमीचा कट्टा. रात्रभर पडून पाऊस नुकताच थांबला होता, तळ्यातल्या संध्यामठाच्या खांबांना पाणी लागलेलं. मी एका पायावर उभी राहून चपलेतला खडा काढत होते. समोरून एक गृहस्थ आले. पांढरे बूट, हातात दुधाची पिशवी. आले ते सरळ वाकले आणि बुक्काचं तोंड दोन्ही तळव्यांत धरलं, लहान पोराचं धरतात तसं, कानांसकट. "लई गरीब हाय हो," म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे. माझ्याकडे तर बघितलंही नव्हतं.

उजवा कान पंधरा दिवस झाले दुखतोय तिचा. पावसाळ्यात आत ओल राहते आणि बुरशी धरते. औषधाचे थेंब घालायचे तर मलासुद्धा आधी पाच मिनिटं मनधरणी करावी लागते. त्यांना हे कसं कळणार? विचारलं असतं तर कळलं असतं. मीच सांगितलं असतं तरी कळलं असतं.

आणि बुक्कानं सांगितलं होतं. आधी मान फिरवली. मग जिभेनं नाक चाटलं. मग जांभई दिली. पहाटे जांभई दिली की बघणाऱ्याला वाटणार झोप आलीये, पण ती जांभई झोपेची नव्हती. मग डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला. हे सगळं चार-पाच सेकंदांत झालं आणि सगळं मला दिसलं. हातात चप्पल घेऊन मी बघत उभी होते. आता गुरगुरेल हेसुद्धा कळलं होतं. तोंडातून एक शब्द निघाला नाही.

मग ती गुरगुरली. फार नाही, घशातल्या घशात, लांबवर रिक्षा सुरू व्हावी तशी.

"अवो, धरा की! चावरं हाय तर फिरवायला कशाला आणताय?"

"सॉरी काका. सॉरी हं." आणि हिसका. "गप, बुक्का! गप म्हटलं ना!"

हात पँटला पुसत गेले ते. बुक्का खाली बसली, कान मागे. घरी येईपर्यंत एकदाही माझ्याकडे बघितलं नाही तिनं. कुत्री असला राग धरत नाहीत म्हणतात. पण नाही बघितलं.

सॉरी का म्हणाले मी?

सकाळपासून हेच चाललंय. ते वयानं मोठे होते म्हणून? प्रेमानंच करत होते म्हणून? की "हात लावू नका" हे वाक्यच माझ्या तोंडात बसत नाही म्हणून? बाबांनी ते वाक्य आमच्या घरात कधी उच्चारू दिलं नाही. खेळणं असो, पुस्तक असो, देवघर असो. त्याची कारणं वेगळी होती, ती इथे नकोत. पण कुत्र्याच्या दुखऱ्या कानाला ते लागू नव्हतं, एवढं तर मला कळायला हवं होतं.

खरं सांगायचं तर मला आज स्वतःची फार कीव आली. ही माझी कुत्री नव्हतीच मुळात, बाबांची. पट्ट्याची पकड अजून त्यांच्याच हाताच्या मापाची आहे, माझा पंजा त्यात अर्धा रिकामा राहतो. सगळ्या जगाला बुक्का हवी असते, पाच मिनिटं. तिची घाण उचलायला वाकलेला एकही माणूस मी या तळ्यावर पाहिलेला नाही. चहाच्या गाड्यावर कोणीतरी खारी भरवतं. पोरं शेपटी धरून सेल्फी काढतात. ट्रॅकसूटमधला एकजण रोज विचारतो, "जात कुठली?" गावठी म्हटलं की हात मागे घेतो. (तेवढाच एक फायदा.) परवा तर कोणीतरी तिचा ओठ वर करून दात मोजायला लागलं होतं, बाजारात बैलाचे मोजतात तसे.

आणि शनिवारची बाई. बुक्का अख्खी काळी, नखापासून शेपटीपर्यंत एक पांढरा केस नाही, म्हणूनच बाबांनी नाव बुक्का ठेवलं. आणि काळं कुत्रं म्हटलं की शनीचा उपाय आलाच. बाई दर शनिवारी तेल लावलेली पोळी घेऊन येतात, बुक्काला भरवतात, तिच्या डोक्याला हात लावतात आणि मग तोच हात स्वतःच्या कपाळाला. मला काही विचारत नाहीत. माझ्याकडे बघतही नाहीत. देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्याकडे तरी माणूस बघतो. तेलकट खाऊन रविवारी बुक्काचं पोट बिघडतं, पण बाईंची साडेसाती कुठवर आली आहे हे कळल्याशिवाय मी मध्ये कशी पडू?

गेल्या श्रावणात सत्यनारायणाचा शिरा. शेजारच्या बंटीनं प्रेमानं वाटीभर भरवला. शिऱ्यात बेदाणे. द्राक्षं-बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला बाधतात, आणि किती खाल्ले की बाधतील याचा काही नेम नसतो. एखाद्या कुत्र्याला काही होत नाही, एखादं थोड्याशानंही दगावतं. रात्री नऊला डॉक्टरांकडे पळाले, उलटी करवली, दोन दिवस सलाईन. "देवाचा प्रसाद, त्यानं काय हुतंय?" असं बंटीची आजी म्हणाली. तिलाही मी सॉरीच म्हणाले असेन. आठवत नाही. म्हणाले असणार.

धनगराच्या कुत्र्याला कोणी असा हात लावतं का? पावसाळ्याच्या तोंडाशी नाहीतर दिवाळीनंतर रस्त्यानं मेंढरं जातात, कडेनं ती उंच, हडकुळी कुत्री चालतात. त्यांचं तोंड धरून "लई गरीब हाय हो" म्हणणारा मर्द मला अजून भेटायचाय. ट्रॅकसूटवालासुद्धा चार हात लांबून जातो. ते कुत्रं कामावर असतं. पट्ट्यातलं कुत्रं मात्र सार्वजनिक नळासारखं, येईल त्यानं सोडावा.

तिनं चावलं असतं तर? दुपारी झोप येईना म्हणून तेही शोधून बघितलं. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आधीच्या दंडविधानात दंड हजार रुपयांपर्यंत होता. त्यांना जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायला लागली असती, मग इंजेक्शनं, आणि बुक्कावर दहा दिवस नजर. तिच्या लसी सगळ्या वेळेवर झाल्यात, कार्ड फ्रिजवर चुंबकानं लावलेलं आहे. तरी दहा दिवस. आणि दादाला आयतंच कारण मिळालं असतं.

ते असो.

चावली नाही ती. गुरगुरली. आणि गुरगुरण्याबद्दल मी तिला शिक्षा केली, हे राहून राहून टोचतंय. डॉक्टरांनी कधीच सांगून ठेवलं होतं, गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधी दटावू नका. ती त्याची सूचना असते. दटावून दटावून सूचना बंद पडते, भीती तशीच राहते, आणि मग एक दिवस ते काही न सांगता चावतं. लोक म्हणतात, अचानक चावलं हो, काही कारण नसताना! हे मी स्वतः दोन-तीन जणांना ऐकवलेलं आहे. मोठ्या तोंडानं. आणि आज वेळ आली तेव्हा तिच्याजवळ होता तो एक शब्दही मी काढून घेतला, का तर पांढऱ्या बुटातल्या एका माणसाला वाईट वाटू नये.

"गप म्हटलं ना" हे माझं वाक्य नाहीच. आवाजसुद्धा माझा नव्हता. तो मी ओळखते. पाहुणे आले की दिवाणखान्यात गालगुच्चे घ्यायचे, मांडीवर ओढायचे, आणि मी अंग आखडलं की स्वयंपाकघराच्या दारातून आईचे डोळे मोठे व्हायचे. एक मामा होते, त्यांच्या मिशीला तंबाखूचा

नको. ते परत कधीतरी.

सोमवार

आज फिरायला नेलंच नाही. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत. भित्री कोण, तर मी.

संध्याकाळी सईचा फोन. तिकडे परदेशात म्हणे कुत्र्याच्या पट्ट्याला पिवळी रिबीन बांधतात. स्वीडनमधून २०१२ च्या सुमाराला पसरलेली पद्धत. रिबीन दिसली की समजायचं या कुत्र्याला मोकळी जागा हवी आहे, लांबूनच जा. आजारी असेल, म्हातारं असेल, घाबरट असेल. कारण सांगायची गरज नाही. "बांध की तू पण," सई म्हणाली.

मला कल्पना एकदम पटली. शिवणाच्या डब्यात पिवळी सॅटिनची रिबीन मिळालीसुद्धा. बुक्काच्या पट्ट्याला छान फूल करून बांधली, दोन पावलं मागे सरून बघितलं, आणि तशीच खाली बसले. काळंभोर कुत्रं आणि गळ्यात पिवळं! पिवळं म्हणजे इथे भंडारा. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेत अख्खं गाव त्यात न्हालेलं असतं. आणि कुत्रं तर खंडोबाचं. ही रिबीन बांधून तळ्यावर गेले असते तर लांब जायचं सोडा, लोक लांबून आले असते. कोणी हात जोडले असते, कोणी पाया पडलं असतं, कोणी खोबऱ्याचा तुकडा पुढे केला असता. शनिवारच्या बाई रविवारीही आल्या असत्या. स्वीडनमध्ये जेजुरी नाही, त्यांना काय जातंय!

एकटीच हसत बसले. बुक्कानं मान वर केली, बघितलं. बघितलं एकदाचं.

रिबीन सोडून परत डब्यात ठेवली.

मंगळवार, रात्र

तळ्यावर गेलो. दुधाची पिशवी दिसली नाही. मी मनात वाक्य घोळवत चालले होते: "काका, तिचा कान दुखतोय." साधं वाक्य. त्यात कोणाचा अपमान नाही, कायदा नाही, सॉरी नाही. दहा-बारा वेळा म्हटलं, शेवटी शेवटी चालीत बसलं.

तर भेटली कोण, शाळेच्या गणवेशातली एक मुलगी. दोन वेण्या, पाठीवर तिच्याहून मोठं दप्तर. आमच्यापासून दोन हातांवर थांबली. हात स्वतःहून मागे बांधलेले.

"काकू, हात लावू काय ओ हिला?"

अकरा वर्षांची आहे बुक्का. बाबांच्या वेळचं माहीत नाही, पण मला हे विचारणारी ही पहिलीच. आणि मी काय म्हणाले? "नको."

वाक्य तयार होतं ना, तोंडाशी आलेलं, ते नेमकं हिच्यावर निघालं. तेही अर्धंच. कानाचं राहूनच गेलं.

"बरं," ती म्हणाली. अजिबात वाईट वाटल्यासारखं नाही. बसची वेळ विचारावी आणि बस गेली असं कळावं, तसं. वळली आणि भेळेच्या बंद गाड्याखाली झोपलेल्या पिवळ्या कुत्र्याशी जाऊन उकिडवी बसली. त्यालाही विचारत होती बहुतेक, इतक्या लांबून ऐकू आलं नाही. त्यानं शेपटी हलवली, तेव्हाच तिचा हात पुढे गेला.

मला तिला हाक मारावीशी वाटली. मारली नाही. काय सांगणार, की बाई गं, तू विचारलंस म्हणून तुला नाही म्हणता आलं, ज्यांनी विचारलं नाही त्यांना नाही म्हणता येत नव्हतं?

आणि काकू! असो.

आत्ता साडेदहा वाजलेत. थेंब नऊलाच घालायचे होते. मी बाटली हातात धरून ऊब दिली, शेजारी बसले, कानाची पाळी उचलली, तर ती गुरगुरली. माझ्यावर. तोच घशातला आवाज, लांबच्या रिक्षाचा. "ग" ओठापर्यंत आला होता. गिळला. हात काढून घेतला.

मीही विचारलं नव्हतंच.

मग बाटली फरशीवर ठेवली, तिला दिसेल अशी. ती बाटलीकडे बघते, माझ्याकडे बघते, परत बाटलीकडे. हे लिहिता लिहिता अर्धा तास झाला. शेपटीचं टोक एकदा हललं, पण ते बहुतेक डासामुळे. बाटली पुन्हा गार झाली असेल. बघू.