पंचेचाळीस हजारांची बस चौसष्ट हजारांना: वऱ्हाडाच्या बसचा माझा अनुभव

डिसेंबरात धाकट्या भावाचं लग्न झालं. आम्ही डोंबिवलीचे, मुलगी कोल्हापूरची, आणि कार्य त्यांच्याकडे. घरात कामं वाटली तेव्हा साड्या आत्याकडे गेल्या, गुरुजी आणि देण्याघेण्याचं काकांकडे, आणि "तू ऑफिसात एक्सेल का काय ते करतेस ना, मग बसचं तू बघ" असं म्हणून वऱ्हाडाची बस माझ्या गळ्यात पडली. ४६ माणसं. मला वाटलं दोन फोन करायचे नि अॅडव्हान्स द्यायचा, त्यात काय एवढं.

खरं तर आधी रेल्वेच बघितली. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री कल्याणहून मिळते, सकाळी कोल्हापूर, काहीच त्रास नाही. पण आता रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, एका तिकिटावर सहाच माणसं, म्हणजे आठ तिकिटं एकाच सकाळी काढायची, त्यात आजी आणि दोन गुडघेवाल्या मावश्यांना खालचेच बर्थ हवेत. तीन जणांनी मिळून प्रयत्न केला, २२ जणांचं कन्फर्म झालं आणि बाकी वेटिंगवर. अर्धं वऱ्हाड गाडीत आणि अर्धं फलाटावर असं कसं चालेल, रद्द केलं.

मग एसटी. लग्नासाठी अख्खी गाडी घ्यायची तर त्याला एसटीत प्रासंगिक करार म्हणतात. डेपोत जाऊन अर्ज द्यायचा, तारीख, मार्ग, किती माणसं ते लिहायचं, भाडं किलोमीटरवर लागतं, कमीत कमी किलोमीटर ठरलेले असतात आणि पैसे आधी भरायचे. आत्या माझ्यासोबत आली होती, तिला वाटलं बायकांना अर्धं तिकीट आणि आजी ७५ च्या पुढे म्हणजे फुकट, मग आपल्याला जवळजवळ निम्म्यात पडेल. खिडकीतले साहेब हसले. म्हणाले मावशी, करारात तिकीट फाडतच नाहीत, गाडी किलोमीटरवर जाते, सवलत कशावर देऊ. पण अडलं ते यावर नाही. डिसेंबरात शाळांच्या सहली असतात, निम्म्या गाड्या तिकडे लागलेल्या, त्यामुळे गाडी नक्की मिळेल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही म्हणाले. त्यात साध्या गाडीत ४४ च्या आसपास सीटं आणि आम्ही ४६. बाबा म्हणाले लग्नाच्या आठवडाभर आधी धावपळ नको, खाजगी बघ.

खाजगी म्हणजे काय तर पहिल्या दिवशी पाच जणांना फोन केले आणि पाच वेगवेगळे आकडे आले. ५२ रुपये किलोमीटर, ५८, ६२, ६८, आणि एकाने तर थेट "ताई चौऱ्याहत्तर चारशे" असं सांगून टाकलं. मी मनात गणित केलं की डोंबिवली कोल्हापूर ३६५ धरलं तर जाऊन येऊन ७३०, गुणिले ६२, म्हणजे ४५,२६०. तोच आकडा फॅमिली ग्रुपवर टाकला. ती माझी पहिली चूक. आकडा एकदा ग्रुपवर गेला की तो दगडावरची रेघ होतो, नंतर तुम्ही काहीही सांगा.

मध्येच मामाने सुचवलं की टेम्पो ट्रॅव्हलर घ्या, स्वस्त पडतो. १७ सीटरचा एसीचा रेट २८ होता. पण ४६ माणसांना तीन लागतात, म्हणजे २८ त्रिक ८४ रुपये किलोमीटर, वर तीन ड्रायव्हर, तीन टोल. एका मोठ्या बसपेक्षा महागच. दहापंधरा माणसं असतील तर ट्रॅव्हलर बरोबर आहे, वऱ्हाडाला नाही.

५२ वाल्याची बस बघायला गेले, कारण त्याने पाठवलेला फोटो फारच चकाचक होता. प्रत्यक्षात दाखवली ती दुसरीच, एका बाजूला तीन सीटं एका बाजूला दोन, पाठ मागे जात नाही, आणि मागच्या इमर्जन्सी दरवाज्याला चक्क दोरी बांधलेली. विचारलं तर म्हणे उघडतो तो मध्येच, म्हणून बांधलाय. मी तिथूनच नमस्कार केला. ६२ वाल्यांची ४९ सीटर एसी पुशबॅक होती, पिवळी नंबरप्लेट, परमिट, फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी सगळे कागद त्यांनी मागताक्षणी फोनवर पाठवले. डिकी उघडून बघितली, आहेराच्या बॅगा आणि सगळ्यांचं सामान मावेल एवढी होती. शेवटच्या ओळीची पाच सीटं मागे जात नाहीत हे मात्र बसून बघितलं तेव्हा कळलं, ती मी आधीच भावाच्या मित्रांच्या नावाने लिहून टाकली.

आता तो ७४,४०० वाला. मला वाटलं हा लुटतोय. पण ६२ वाल्या शेठनाही मी आमचा कार्यक्रम सांगितला, की शुक्रवारी रात्री दहाला निघू, शनिवारी सकाळी पोचू, संध्याकाळी सीमांतपूजन, रविवारी दुपारी लग्न, जेवणं झाली की निघू, रात्री एक-दीडपर्यंत घरी. तर त्यांनीही तोच आकडा काढला! मी म्हटलं अहो दोनच तर दिवस आहेत. ते म्हणाले ताई चार आहेत, मोजा.

हे मला आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. दिवस म्हणजे तुमचे चोवीस तास नाहीत, कॅलेंडरचा दिवस, रात्री बारा ते रात्री बारा. शुक्रवारी रात्री दहाला गाडी हलली तर दोन तासांसाठी अख्खा शुक्रवार लागला. रविवारी बाराच्या पुढे गेलात की सोमवार लागला. शुक्र शनि रवि सोम, चार दिवस, आणि रोजचे कमीत कमी ३०० किलोमीटर, म्हणजे १,२०० गुणिले ६२, बरोबर ७४,४००. हे कमीत कमी किंवा गाडी खरी जेवढी धावली ते, यातलं जे जास्त असेल तेच धरणार. म्हटलं मग काय करू. शेठ भला माणूस, त्यांनीच सांगितलं, बारानंतर निघा आणि बाराच्या आत या. दोन दिवसांचे ६०० होतात, तुमची गाडी त्याहून जास्त धावणारच आहे, मग जेवढी धावेल तेवढेच पैसे.

म्हणजे दहाऐवजी पाऊण वाजता निघायचं एवढ्यासाठी वीसेक हजार वाचत होते. (घरच्यांना हे समजावायला मला पूर्ण एक रविवार लागला. काकांचं म्हणणं "रात्री पाऊणला कोण निघतं लग्नाला".) पाऊण का, तर किलोमीटर आणि वेळ दोन्ही गॅरेजपासून मोजतात, गॅरेज भिवंडीच्या बाजूला आमच्यापासून १८ किलोमीटर, तिथून गाडी बाराला हलली की आमच्या दारात साडेबारा पाऊण होणार. हे मी नीट ऐकलं, लिहूनही घेतलं, आणि तरी पुढे तिथेच आपटले, ते सांगते.

घासाघीस केली पण ६२ चे ६१ सुद्धा झाले नाहीत. शेठनी डिझेलचं गणित मांडलं, मोठी एसी बस लिटरला चार-साडेचार जाते, डिझेल नव्वदच्या घरात, म्हणजे किलोमीटरमागे वीस रुपये नुसते जळतात, वर टायर, हप्ता, टॅक्स, इन्शुरन्स, आणि पावसाळ्यात गाडी उभी असते ती भरपाई आत्ताच करायची. तुळशीचं लग्न झालं की वऱ्हाडं सुरू, त्यात सहली, मग कोण कशाला कमी करेल. त्याऐवजी मी बाकीचं सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून मागितलं, आणि हे मात्र माझं मला शहाणपणाचं वाटतं. टोल पार्किंग आमच्याकडे, ड्रायव्हर क्लीनर मिळून रोजचा भत्ता १,०००, त्यांचं जेवण आमच्याकडे, बिल हवं तर ५ टक्के जीएसटी, घाटात एसी बंद राहील, आणि येताना बाराच्या बाबतीत "तासभर इकडेतिकडे चालेल". १०,००० अॅडव्हान्स, निघताना निम्मे, बाकी आल्यावर.

शुक्रवारी रात्री बारा वाजून दोन मिनिटांनी ड्रायव्हरने मीटरचा फोटो पाठवला, २,८४,६१७. बस पाऊणला आली, आणि आमची माणसं चढायला सव्वा वाजला कारण मावशीची औषधाची पिशवी घरी राहिली होती. प्रवास छान झाला, एक्सप्रेसवेवर बसला ९४० टोल, मग खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, प्रत्येक ठिकाणी फास्टॅगचा मेसेज ड्रायव्हर मला पुढे ढकलत होता. खंबाटकीत एसी बंद केला तेव्हा मागून भावाचे मित्र ओरडले, मी व्हॉट्सअॅप दाखवलं, गप्प बसले.

साडेनवाला कोल्हापूर. सगळे चहा नाश्त्याला पळाले आणि तासाभराने माझ्या लक्षात आलं की ड्रायव्हरची झोपायची सोय आपण केलेलीच नाही. ४६ माणसांच्या खोल्या कोणाला कुठे याची माझ्याकडे तीन पानी यादी होती, आणि ज्याने रात्रभर जागून सगळ्यांना आणलं तो बसच्या पायऱ्यांवर पाय सोडून बसला होता. फार लाज वाटली. कार्यालयातल्या माणसाला सांगून एक खोली उघडून घेतली. दुपारी दोनला काका म्हणाले चला जोतिबाला जाऊन येऊ, तर ड्रायव्हर स्पष्ट म्हणाला, ताई चारच्या आत मला उठवू नका, उद्या परत न्यायचंय ना तुम्हाला. मी काकांना सांगितलं बस चारला निघेल, पटत नसेल तर रिक्षा करा. चारला गेलो, सीमांतपूजनाला जेमतेम पोचलो. त्याआधी सकाळी अंबाबाईला गेलेले सगळे रिक्षाने गेले ते बरंच झालं, देवळापर्यंत मोठी बस जातच नाही. रविवारी पहाटे काहींना पुन्हा दर्शन हवं होतं तेव्हा बस दसरा चौकाकडे लावून पुढे चालत गेलो.

रविवारी साडेतीनला निघायचं ठरलं होतं. आता लग्नघरातून नवरी निघणार म्हटल्यावर साडेतीन म्हणजे साडेतीन नसतं हे मला कळायला हवं होतं. आहेर, ओटी, फोटो, रडारड, आणि मी (डोक्यात एका दिवसाचे ३०० गुणिले ६२) मधून फिरतेय घड्याळ दाखवत, "चला चला, बारा वाजले की अठरा हजार वाढतील". व्याह्यांना काय वाटलं असेल देव जाणे. शेवटी चार चाळीसला बस हलली. सातारा-कागल सहापदरीचं काम चालू, जागोजागी वळवलेला रस्ता, जेवणाला पाऊण तास, आणि घराशी पोचलो तेव्हा १२:३५. तासभर चालेल असं लिहिलेलं होतं, म्हणजे वाचलो असं समजून मी निवांत झोपले.

सकाळी शेठचा मेसेज, गाडी गॅरेजला १:२०, तिसरा दिवस लागला. मी म्हटलं तास मी घराशी धरलेला, ते म्हणाले गॅरेजशी, निघताना तुम्हाला सांगितलं होतं की. आणि सांगितलं होतं खरंच. भांडायला बसले तर आधी हिशोब मांडला आणि कपाळावर हात मारला. मीटर शेवटचा २,८५,४४९, म्हणजे गाडी ८३२ धावली. तीन दिवसांचे कमीत कमी ९००. फरक फक्त ६८ किलोमीटरचा, ४,२१६ रुपयांचा. ज्या अठरा हजारांसाठी मी भरल्या मांडवात लोकांना पळवत होते ते कधी लागणारच नव्हते! जास्तीचा दिवस तेव्हाच जड जातो जेव्हा गाडी नुसती उभी असते. आमची तर धावून धावून ६०० च्या पुढे गेलीच होती. शुक्रवारही लागला असता तर मात्र सरळ १८,६०० गेले असते, म्हणून पाऊणला निघालो ते बरोबरच. शेवटी २,००० वर तोडलं.

आता पूर्ण हिशोब. ८३२ किलोमीटरचे ५१,५८४, तिसऱ्या दिवसाची तडजोड २,०००, त्या दोन्हीवर जीएसटी २,६७९, भत्ता २,०००, टोल ४,४६०, पार्किंग ३००, ड्रायव्हर क्लीनरला खुशीने १,०००. एकूण ६४,०२३. माणशी १,३९२ च्या आसपास. दाराशी गाडी, सामान उचलायचं नाही, आजी झोपून आली, म्हणून मला तरी महाग वाटलं नाही. पण मी जे ७३० गुणिले ६२ केलं होतं त्यात गॅरेजचे जाऊन येऊन ३६ नव्हते, जोतिबा नव्हता, गावातल्या फेऱ्या नव्हत्या, टोल नव्हता, ड्रायव्हरचं पोट नव्हतं, काहीच नव्हतं.

काकांनी अर्थात ग्रुपवर विचारलंच, "पंचेचाळीस म्हणाली होतीस ना?" मी मीटरचे दोन्ही फोटो, टोलचे सगळे मेसेज आणि वहीच्या पानाचा फोटो टाकला. तीन तास कोणी काही बोललं नाही. मग काकांचाच मेसेज आला, फेब्रुवारीत अष्टविनायकाला हीच गाडी मिळेल का विचार. शेठचा नंबर माझ्या फोनमध्ये "कोल्हापूर बस ६२, वेळ गॅरेजची!!" या नावाने आहे, तोच पुढे पाठवून दिला.