परसातल्या गॅरेजचे दुमजली घर : पहिल्या स्लॅबपर्यंतची नोंद

लातूरच्या आमच्या घरामागे परसात असलेल्या जुन्या गॅरेजच्या जागी दोन मजल्यांचे स्वतंत्र घर उभारण्याचे काम आता पहिल्या स्लॅबपर्यंत आले आहे. खालचा मजला आईवडिलांसाठी आहे, तर वरची खोली पुढेमागे शिकवणीसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांना देता यावी म्हणून तिचा जिना बाहेरून काढला आहे. नकाशा मंजूर करून घेताना सामासिक अंतरामुळे (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) जिन्याची बाजू बदलावी लागली, एवढेच त्यातले सांगण्यासारखे.

जुन्याच भिंतींवर स्लॅब टाकून वर खोली चढवावी, असा गवंड्याचा पहिला सल्ला होता. त्या भिंती मातीत बांधलेल्या नऊ इंची, डोक्यावर केवळ पत्र्याचे ओझे आणि शटरसाठी समोरची बाजू सबंध उघडी. अशा तीन भिंतींवर मजला चढवला तर हादऱ्यात इमारत उघड्या बाजूकडे पिळली जाते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आपला भाग भूकंपक्षेत्रांच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्र १ मध्ये धरलेला होता, आणि २००२ च्या सुधारित नकाशात लातूर क्षेत्र ३ मध्ये आले. म्हणून भिंती जोत्यापर्यंत उतरवून आरसीसीचा (सळया घातलेल्या काँक्रीटचा) नवा सांगाडा घेतला. मग गॅरेजचे उरले काय, असे कोणी विचारील, तर जागा, नळजोडणी आणि आडभिंतींना पुरतील इतक्या शाबूत विटा.

इथली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, त्यामुळे पायाचे खड्डे ती ओलांडून घट्ट मुरुमापर्यंत नेले, जोत्याखाली सलग बीम घेतला आणि खणलेली माती भरावात परत न घालता मुरूमच धुमसून भरला.

खरा वाद झाला तो कॉलमवरून. नऊ इंची (सुमारे २३० मिमी) कॉलम भिंतीत लपतो, म्हणून आपल्याकडे तोच रूढ आहे. परंतु आयएस १३९२० या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे भूकंपरोधक चौकटीतील कॉलमची कोणतीही बाजू ३०० मिमीपेक्षा कमी नसावी. खोलीत कोपरे पुढे आले तरी चालतील, असे मी ठरवले. कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांची टोके काटकोनात न सोडता १३५ अंशांत आत वळवून घेतली, कारण हादऱ्यात बाहेरचे काँक्रीट झडले की काटकोनी टोके उघडतात आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. हे काम वेळखाऊ असल्याने सळई बांधणारे कुरकुरतात. त्यांच्याजवळ बसून राहणे हाच त्यावरचा उपाय.

स्लॅब मुद्दाम दिवाळीनंतर टाकला. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहरात उन्हाळ्यात क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओले ठेवण्यासाठी, पाणी मागणे अवघड, आणि पीपीसी (पोझोलाना मिसळलेल्या) सिमेंटला किमान १० दिवस ओलावा हवाच. सध्या स्लॅबवर आळी (छोटे बांध) करून पाणी साठवले आहे, तर कॉलमना ओले गोणपाट गुंडाळले आहे. बीमखालचे टेकू १४ दिवसांआधी काढायचे नाहीत. वरच्या कॉलमच्या सळयांचे जोड स्लॅबलगत न देता उंचीच्या मध्यभागात द्यायचे असल्याने सळया नेहमीपेक्षा लांब सोडल्या आहेत. सेंटरिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार) उतरल्यावर या सळयांच्या रिंगा बांधून पुढचे काँक्रीट सुरू होईल.