भडकवणाऱ्या पोस्टचं गणित

"पोह्यांत शेंगदाणे घालणाऱ्यांना पोहे कळलेच नाहीत." आणि "मला पोह्यांत शेंगदाणे आवडत नाहीत." आवडनिवड दोन्हीकडे तीच. दुसरं वाक्य फेसबुकवर टाकलं तर ओळखीच्या चारजणांचे लाइक येतील आणि संध्याकाळपर्यंत पोस्ट तळाला जाईल. पहिल्या वाक्याखाली मात्र पुणं, नागपूर आणि इंदूर एकमेकांच्या अंगावर धावून जातील, कारण शेंगदाणे बाजूला राहिले आणि ते घालणाऱ्या माणसांवर शेरा मारला गेला.

मुद्दाम वाद ओढवून घेणाऱ्या पोस्टचा पाया हाच असतो: बोट गटावर ठेवायचं. मग 'काहीजण', 'बहुतेक', 'माझ्या मते' हे शब्द काढून टाकायचे, कारण अपवादाला जागा ठेवली की चिडणारा माणूस त्या फटीतून निसटतो. विषय असा निवडायचा की उत्तर द्यायला काहीही वाचावं लागू नये. पीकविम्याच्या निकषांवरून कुणी असं भांडण लावत नाही. खाणं, गाव, भाषा, लग्नातला खर्च, सुनेचे कपडे, 'हल्लीची पिढी' यांवरून लावतात, कारण इथे प्रत्येकजण स्वतःला जाणकार समजतो आणि उत्तर एका ओळीत मावतं. जात आणि धर्म हे याच रांगेतले सगळ्यांत धोक्याचे विषय. तिथे हात घालणाऱ्याला परिणाम माहीत नसतात, असं मी मानत नाही.

गटावर बोट ठेवण्याचा परिणाम मोजलाही गेला आहे. अमेरिकेतली वृत्तमाध्यमं आणि तिथल्या संसदेचे (काँग्रेसचे) सदस्य यांच्या फेसबुक-ट्विटर पोस्टचा एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. विरोधी गटाचा उल्लेख करणाऱ्या प्रत्येक जादा शब्दामागे पोस्ट शेअर होण्याची शक्यता सुमारे ६७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. अभ्यास तिथल्या राजकारणाचा आहे, पण आपल्याकडच्या कमेंटखान्यात रोज फिरणाऱ्याला तो ओळखीचा वाटेल.

दुसरा प्रकार रील्समधला, आणि तो जास्त फसवा, कारण त्यात कुणालाही शिवी नसते. 'उपवासाची साबुदाणा खिचडी' असं शीर्षक आणि पहिल्या तीन सेकंदांत कांदा चिरणं. खरी चूक झाली असती तर संपादनात ती कापली गेली असती, किंवा खाली खुलासा आला असता. इथे कॅमेरा कांद्यावरच रेंगाळतो, बोलणारा कांद्याबद्दल चकार शब्द काढत नाही, आणि वर पिन केलेली कमेंट नेमकी सगळ्यांत संतापलेली असते. शिव्या घालणारे आणि बाजू घेणारे, दोघांच्याही कमेंटला मालकाचं बदाम मिळतं. ही चार लक्षणं एकत्र दिसली की कांदा चुकून पडलेला नाही, हे नक्की समजावं. शीर्षकातली ठसठशीत शुद्धलेखनाची चूक, गडाचं चुकीचं नाव, क्रिकेटपटूच्या फोटोवर दुसऱ्याचंच नाव, ही सगळी याच घरातली भावंडं.

हे चालतं का, याचं उत्तर ट्विटरने स्वतः दिलं. मार्च २०२३ च्या अखेरीस कंपनीने आपल्या शिफारशींचा कोड खुला केला आणि कुठली पोस्ट आधी दाखवायची हे ठरवणाऱ्या मॉडेलची वजनंही, म्हणजे कुठल्या प्रतिसादाला किती गुण, ती बाहेर आली. लाइकला ०.५, रीट्वीटला १, रिप्लायला १३.५. आणि त्या रिप्लायला मूळ लेखकाने प्रतिसाद दिला तर ७५. म्हणजे एक रिप्लाय २७ लाइकच्या बरोबरीचा, आणि लेखकाने उलट टोला हाणला की तो दीडशे लाइकच्या बरोबरीचा. भडकवणारे लोक टीकाकारांना इतक्या चिकाटीने उत्तरं का देत बसतात, ते या आकड्यांवरून कळतं. तुमचा रिप्लाय 'बरोबर' म्हणतो की 'लाज वाटते का', हे ही वजनं पाहत नाहीत. आकडे तेव्हापासून बदललेले असणार, कंपनी ते बदलत असते. मात्र त्यातली एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ही वजनं आलेल्या रिप्लायच्या संख्येला गुणत नाहीत, तर तुम्ही रिप्लाय द्याल याच्या अंदाजाला गुणतात. एकदा तावातावाने उत्तर दिलंत की हा माणूस अशा पोस्टला उत्तर देतो, अशी नोंद होते आणि तसलाच माल तुमच्या फीडमध्ये येत राहतो.

त्यात पैसाही आला. जुलै २०२३ पासून एक्स (ट्विटरचं नवं नाव) पात्र खातेदारांना, त्यांच्या पोस्टखालच्या रिप्लायमध्ये दिसणाऱ्या जाहिरातींचा वाटा देऊ लागलं. २०२४ च्या अखेरीस ते सूत्र बदलून प्रीमियम, म्हणजे पैसे भरणाऱ्या सदस्यांच्या प्रतिसादावर नेलं. दोन्ही सूत्रांत तुमचा संताप ही समोरच्याची कमाई आहे.

फेसबुकने याच्याही आधी हे करून पाहिलं होतं. २०१७ मध्ये तिथे इमोजी प्रतिक्रियेला लाइकच्या पाचपट वजन होतं, आणि त्या इमोजींत रागाचा लाल चेहराही होता. पुढे त्याचं वजन टप्प्याटप्प्याने उतरवत सप्टेंबर २०२० मध्ये शून्य केलं. २०२१ मध्ये उघड झालेल्या कंपनीच्या अंतर्गत कागदांनुसार, त्यानंतर खोटी माहिती आणि अस्वस्थ करणारा मजकूर कमी दिसू लागला, आणि लोकांचा वावर मात्र घटला नाही. मला हा सगळ्यांत महत्त्वाचा पुरावा वाटतो. 'लोकांनाच भांडण आवडतं, आम्ही काय करणार' हा बचाव त्याने खोटा ठरतो.

इन्स्टाग्रामवर गणित थोडं वेगळं. तिथे किती वेळ पाहिलं आणि किती जणांनी ते दुसऱ्याला पाठवलं, याला मोठं महत्त्व आहे. "हे बघ, काय बरळतोय" म्हणून मैत्रिणीला पाठवलेली रील ही भडकवणाऱ्यासाठी कमेंटपेक्षाही मोलाची असू शकते.

आता हे कुठे फसतं. पान चालवणाऱ्यांनी, विशेषतः छोटा व्यवसाय असलेल्यांनी, हे नीट वाचावं, कारण "एखादा वाद होऊ द्या, रीच वाढेल" असा सल्ला देणारे गल्लोगल्ली आहेत. वादाने जमलेले लोक भांडायला आलेले असतात. ते मसाला विकत घेत नाहीत, क्लासला प्रवेश घेत नाहीत. पुढची साधी पोस्ट टाकली की ती आधी याच मंडळींपुढे जाते. ते न थांबता पुढे सरकतात, आणि त्यांच्या त्या वागण्यावरून यंत्रणा पोस्ट कंटाळवाणी ठरवते. मग पुन्हा वाद हवा, आणि या वेळी आधीपेक्षा तिखट. यूट्यूबवर वादग्रस्त विषय जाहिरातदारांना नको असला की व्हिडिओवर पिवळं डॉलरचं चिन्ह येतं आणि जाहिराती आटतात. ९० दिवसांत नियमभंगाचे तीन स्ट्राइक म्हणजे चॅनल बंद. एक्सवर कम्युनिटी नोटने (वापरकर्त्यांनीच खाली जोडलेल्या टिपेने) दुरुस्त झालेल्या पोस्टला कमाईचा वाटा मिळत नाही, हा नियम ऑक्टोबर २०२३ चा.

हेतू चांगला असला तरी ही पद्धत कशी अंगलट येते, हे २ फेब्रुवारी २०२४ ला दिसलं. अभिनेत्री पूनम पांडेच्या इन्स्टाग्राम खात्यावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने तिचं निधन झाल्याची पोस्ट आली. दुसऱ्या दिवशी ती स्वतः व्हिडिओत आली, आणि हे जनजागृतीसाठी केल्याचं सांगितलं. मोहिमेत सामील असलेल्या जाहिरात संस्थेने पुढे माफीही मागितली. आदल्याच दिवशी, १ फेब्रुवारीच्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींना याच कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा उल्लेख झाला होता, म्हणजे विषय आधीच बातम्यांत होता. एखाद्या आईला त्या दिवशी काय कळायला हवं होतं? लस साधारण नवव्या वर्षापासून देतात. तेव्हाच्या वेळापत्रकात १४ वर्षांपर्यंत सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस होते, त्यापुढे तीन. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही देशी लस उपलब्ध आहे. मृत्यूच्या पोस्टमध्ये यातलं एक अक्षर नव्हतं. लोक दोन दिवस बोलले ते ती जिवंत आहे की नाही यावर, आणि मग तिला शिक्षा काय व्हावी यावर. ज्यांच्या घरात हा आजार खरोखर आहे, त्यांनी त्या चोवीस तासांत काय सोसलं असेल, याचा विचार मोहीम आखणाऱ्यांनी केला नाही, आणि ते मला अक्षम्य वाटतं.

कायद्याबद्दल थोडक्यात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. पालघरच्या दोन तरुणींना २०१२ मध्ये एका फेसबुक पोस्टवरून झालेली अटक त्या खटल्यामागे होती. त्यामुळे नुसती चीड आणणारी पोस्ट हा गुन्हा नाही, आणि नसावाच. पण भारतीय न्याय संहितेची कलमं १९६ (गटांत वैर पसरवणं), २९९ (धर्मभावना जाणूनबुजून दुखावणं), ३५३ (अफवा) आणि ३५६ (बदनामी) लागू आहेत. पोस्ट डिलीट केल्याने सुटका होत नाही, स्क्रीनशॉट उरतोच.

वाचणाऱ्याने काय करावं? दुरुस्तीसाठीसुद्धा खाली कमेंट करू नये. मोह फार होतो, पण खाली लिहिलेली बरोबर माहिती ही वरच्या चुकीचं इंधन होते. माहिती महत्त्वाची असेल तर स्वतःच्या भिंतीवर, मूळ पोस्टची लिंक न देता आणि कोट न करता, सरळ बरोबर गोष्ट लिहावी. मूळ पोस्टवरची तीन टिंबं दाबून 'नॉट इंटरेस्टेड' निवडावं. ट्विटरच्या वर दिलेल्या वजनांत अशा नकाराला उणे ७४ आणि रिपोर्टला उणे ३६९ होतं, म्हणजे तुमच्या नकाराला तिथे लाइकपेक्षा कितीतरी जास्त किंमत होती. एखादा वाद पेटलेला असताना एक्सच्या सेटिंगमधल्या 'म्यूटेड वर्ड्स'मध्ये तो शब्द ७ किंवा ३० दिवसांसाठी टाकता येतो. मराठी शब्द असेल तर देवनागरी आणि रोमन, दोन्ही रूपं टाकावीत, एकाने भागत नाही.

मजकूर खरोखर बेकायदा किंवा कुणाच्या जिवावर बेतणारा असेल, तर रिपोर्ट करण्याआधी पोस्टची लिंक, तारीख-वेळ आणि पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा, कारण रिपोर्टनंतर पोस्ट तुमच्या नजरेआड होऊ शकते. मग कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. २४ तासांत पोच देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. निर्णय पटला नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं.